मुंबई विमानतळावरून उमराह किंवा गल्फला निघताना: घरापासून गेटपर्यंत काय सांभाळावं



आपल्याकडे एक माणूस उमराहला निघाला की त्याला सोडायला दोन गाड्या भरून माणसं विमानतळावर येतात. हार, दुआ, गळाभेटी, फोटो सगळं होतं. या सगळ्यात पासपोर्ट नेमका कुणाकडे आहे, हे मात्र कुणालाच नक्की माहीत नसतं. सहारच्या विमानतळावर चेक-इन काउंटरच्या आतल्या बाजूला आम्ही बरीच वर्षं काढली. रांगेतल्या आपल्या माणसांची धावपळ तिथून रोज दिसायची. त्यावरून आमची खात्री झाली आहे की विमानतळावर होणारा बहुतेक त्रास विमानतळावर तयार होत नाही. तो घरी, बॅग भरताना आणि तिकीट नीट न वाचताना तयार होतो, आणि काउंटरवर येऊन उघडा पडतो.

म्हणून ही माहिती निघण्याच्या आठवडाभर आधी घरात सगळ्यांनी मिळून वाचावी. पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या अम्मी-अब्बांना वाचून दाखवावी.

तारीख आणि टर्मिनल: सगळ्यात महागडी चूक

गल्फची पुष्कळ विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ००:४० असेल, तर तुम्हाला १४ तारखेच्या रात्री नऊ वाजता विमानतळावर असायला हवं. १५ तारखेच्या रात्री गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. ही चूक शिकलेली माणसंही करतात. बॅगा घेऊन आलेलं अख्खं कुटुंब काउंटरवरून परत जाताना आम्ही पाहिलं आहे. तिकीट हातात येताच कॅलेंडरवर 'घरातून निघायची' तारीख आणि वेळ लिहून ठेवा. विमान सुटायची वेळ लिहू नका.

दुसरं टर्मिनल. मुंबईची आंतरराष्ट्रीय विमानं अंधेरी पूर्वेला सहार इथल्या टर्मिनल २ वरून सुटतात. टर्मिनल १ विलेपार्ले-सांताक्रूझच्या बाजूला आहे आणि तिथून देशांतर्गत विमानं सुटतात. एकातून दुसरीकडे चालत जाता येत नाही, गाडी करावी लागते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं सुटू लागली आहेत, त्यामुळे आता नुसतं 'मुंबई' वाचून भागत नाही. तिकिटावर विमानतळाचं पूर्ण नाव बघा आणि टॅक्सीवाल्यालाही तेच सांगा.

किती आधी पोहोचावं

आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी तीन तास आधी पोहोचा असं सांगतात. सोबत बुजुर्ग, लहान मुलं किंवा व्हीलचेअर असेल तर साडेतीन ते चार तास धरा. चेक-इन काउंटर विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो, काही कंपन्यांचा त्याहूनही आधी. नेमकी वेळ तिकिटावर छापलेली असते.

'अजून विमान उभं आहे, मग आम्हाला का घेत नाही?' असं लोक चिडून विचारतात. त्याचं कारण आहे. काउंटर बंद झाल्यावर प्रवाशांची यादी पक्की होते, सामान तपासून विमानापर्यंत पोहोचवलं जातं आणि विमानाच्या वजनाचा हिशेब होतो. हे सगळं त्या एका तासात बसवलेलं असतं. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. विमानांची रांग कायमची लांब असते, आणि आपली पाळी चुकली की विमानाला ताटकळत उभं राहावं लागतं. म्हणून काउंटरवरचा मुलगा किंवा मुलगी मनात असूनही तुम्हाला आत घेऊ शकत नाही.

रत्नागिरी, चिपळूण, महाड, श्रीवर्धनकडून येणाऱ्यांनी विमानाच्या दिवशी निघू नये. मुंबई-गोवा हायवेचा भरवसा नाही, पावसाळ्यात आणि गणपतीच्या दिवसांत तर अजिबात नाही. आदल्या दिवशी या आणि मुंब्रा, कुर्ला, जोगेश्वरी, मीरा रोड, जिथे नातेवाईक असतील तिथे रात्र काढा. सामान कमी असेल तर मेट्रो सोयीची पडते. कफ परेड ते आरे या मेट्रो ३ वर टर्मिनल २ चं स्वतंत्र स्टेशन आहे. कोकणकन्या किंवा मांडवीने सीएसएमटीला उतरणाऱ्यांना तिथूनच ही मेट्रो मिळते. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने येणाऱ्यांनी मरोळ नाक्याला गाडी बदलावी. मात्र रात्री उशिरा मेट्रो बंद असते, तेव्हा मध्यरात्रीच्या विमानासाठी निघायची वेळ त्या हिशेबाने धरा.

सोडायला येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. टर्मिनलच्या दारात सीआयएसएफचे जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहूनच आत सोडतात. गळाभेटी आणि दुआ घरी किंवा मशिदीत उरकून घ्या. दारासमोर गाडी फार वेळ उभी करू देत नाहीत, आणि त्या घाईतच एखादी पिशवी गाडीत राहून जाते.

कागद: स्वतःचे स्वतःच्या हातात

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालू असावा. व्हिसा, तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि तिथल्या यजमानाचा पत्ता व फोन, या सगळ्यांच्या कागदी प्रती काढा. मोबाईल बंद पडतो, नेट मिळत नाही, आणि मागे दोनशे माणसं उभी असतात.

टूरवाला ग्रुपचे सगळे पासपोर्ट विमानतळावरच वाटेल असं सांगत असेल, तर निदान पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाचे फोटो दोन दिवस आधी मागून घ्या आणि नावाचं स्पेलिंग अक्षर न अक्षर जुळवा. तिकिटावरचं नाव पासपोर्टसारखंच हवं. 'शेख', 'खान' पुढे-मागे झालं तर बहुधा निभतं, पण अक्षरच चुकलं असेल तर दुरुस्ती विमान कंपनीकडूनच करून घ्यावी लागते. ती दोन दिवस आधी सोपी असते आणि काउंटरवर अवघड.

आपल्या घरातल्या बायकांच्या बाबतीत एक गोष्ट खास तपासा. पुष्कळ जुन्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे, नुसतं एकच नाव आहे. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने असं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट आणि टुरिस्ट व्हिसाने येणाऱ्यांना अडवायला सुरुवात केली. दुबईला मुलाकडे जाणाऱ्या अम्मीचा पासपोर्ट असा असेल, तर तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारा. शक्य असेल तर पासपोर्टवर आडनाव घालून घ्या.

नोकरीसाठी जाणाऱ्यांनी पासपोर्टवर ईसीआरचा शेरा आहे का ते पाहावं. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर तो असतो. सौदी, अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरीन धरून १८ देशांत नोकरीला जाताना अशा माणसाला ई-मायग्रेट वरून इमिग्रेशन क्लिअरन्स घ्यावा लागतो. उमराह किंवा व्हिजिटसाठी तो लागत नाही. 'आत्ता व्हिजिटवर जा, तिथे गेल्यावर नोकरीचं बघू' असं सांगणाऱ्या एजंटपासून लांब राहा. इमिग्रेशनचा अधिकारी दोन प्रश्नांत ओळखतो आणि माणूस तिथूनच परत येतो. तिथून सुटला तरी पुढे परक्या देशात बेकायदा कामगार म्हणून अडकतो. घर गहाण ठेवून दिलेले पैसे बुडतात ते वेगळंच.

सामान: आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तू

चेक-इन बॅग किती किलोची चालेल हे तिकिटावर असतं. हातातली बॅग साधारण ७ किलोपर्यंत चालते. घरीच वजन करा. काउंटरसमोर बॅग उघडून कपडे इकडून तिकडे करण्यात अर्धा तास जातो, आणि चार लोकांसमोर घरचं सामान बाहेर निघतं ते निराळं.

आता आपल्या घरांतून हमखास जाणाऱ्या वस्तू बघू.

खसखस: ही अजिबात नेऊ नका. आपल्या मसाल्यात, कुरम्यात खसखस सहज पडते. पण सौदी, अमिराती, कतार या देशांत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. सुटी नको, आणि घरच्या वाटलेल्या मसाल्यात मिसळलेलीही नको. मुलासाठी मसाला करायचा असेल तर खसखस वगळून करा.

सुकं खोबरं: अख्ख्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हातातल्या बॅगेत चालत नाहीत आणि चेक-इनमध्येही नाहीत. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून बंदी आहे. ही वस्तू रोज कुणाच्या तरी बॅगेतून निघतेच.

लोणचं, तूप, चटणी, मध: हातातल्या बॅगेत नको. चेक-इनमध्ये न्यायचं असेल तर विमान कंपनीचा नियम विचारा, आणि डबा सीलबंद करून दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घाला. तिखटाची पूड हातातल्या बॅगेत घेऊ देत नाहीत.

सुकी मासळी, सोडे: हवाबंद पॅक करून घ्या. वास सुटला तर काउंटरवरच नाकारतात. एका बॅगेमुळे अख्ख्या विमानातल्या सामानाला वास लागतो.

पान, गुटखा, तंबाखू: पान आणि गुटख्यावर गल्फमध्ये कडक नियम आहेत. खिशातली पुडीसुद्धा घरी काढून ठेवा.

पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या: नेहमी हातातल्या बॅगेत. चेक-इनमध्ये टाकली तर बॅग पट्ट्यावर गेल्यावर एक्स-रेमध्ये दिसते, बॅग बाजूला काढतात आणि तुम्हाला शोधत फिरतात. म्हणून बॅग दिल्यावर लगेच पुढे पळू नका, दहा मिनिटं जवळपास थांबा.

अत्तर, तेल, शाम्पू: हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठी बाटली चालत नाही. अर्धी भरलेली मोठी बाटलीही चालत नाही, कारण बाटलीचा आकार बघतात. काडेपेटी, लायटर कुठेच ठेवू नका.

औषधं: रोजच्या गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत असावं. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, प्रीगाबालिन अशा काही औषधांवर गल्फमध्ये कडक नियंत्रण आहे. गुडघेदुखी आणि नसांच्या दुखण्यासाठी आपल्याकडच्या बुजुर्गांना ही सर्रास दिली जातात. यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांना सांगून पर्याय घ्या, किंवा त्या देशाची आगाऊ परवानगी काढा.

दुसऱ्याचं पार्सल

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे.

'खाला, एवढा डबा माझ्या भावाला द्या, तो एअरपोर्टवर घ्यायला येईल.' असं कुणी म्हटलं की आपल्याला नाही म्हणता येत नाही. मोहल्ल्यातला माणूस असतो, कधी नात्यातला असतो. पण बॅगेत जे सापडेल ते बॅग ज्याच्या नावावर त्याचं, हा कायदा सगळीकडे आहे. गल्फच्या देशांत अमली पदार्थांसाठी वर्षानुवर्षांची कैद आहे, सौदीत मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे.

२०१९ मध्ये मुंबईचं एक जोडपं कतारला गेलं. नात्यातल्याच व्यक्तीने दिलेलं पाकीट सोबत होतं. दोहाच्या विमानतळावर त्यातून चार किलोहून जास्त चरस निघाली. दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. आपल्याला फसवलं गेलं, हे सिद्ध व्हायला २०२१ उजाडलं, आणि तेव्हा कुठे ते सुटून घरी आले. ज्यांच्या बाजूने कुणी लढायला नसतं त्यांचं काय होत असेल, याचा विचार करा.

म्हणून घरात नियमच करा. बंद पाकीट कुणाचंही घ्यायचं नाही. सख्ख्या माणसाचं घ्यायचंच असेल तर त्याच्यासमोर उघडून, प्रत्येक वस्तू हाताळून, स्वतः भरायचं. शिवलेली उशी, चपलांचा बंद जोड, सीलबंद मिठाई, भेट म्हणून बांधलेला डबा यातलं काहीच घ्यायचं नाही. विमानतळावर रांगेत भेटून 'माझं वजन जास्त झालंय, ही पिशवी तुमच्या नावावर टाका' म्हणणाऱ्याला तर सरळ नाही म्हणा. माणुसकी दाखवायची असेल तर त्याला जादा वजनाचा काउंटर दाखवा. वाईट वाटून घेण्यासारखं यात काही नाही. हे खासकरून एकट्या जाणाऱ्या अम्मी-अब्बांना चार वेळा सांगा, कारण पार्सल देणारे नेमके त्यांनाच शोधतात.

आत गेल्यावर: काउंटर, इमिग्रेशन, सिक्युरिटी

टर्मिनल २ मध्ये प्रस्थान चौथ्या मजल्यावर आहे, गाडी पुलावरून थेट तिथे पोहोचते. आत शिरल्यावर मोठ्या बोर्डवर आपला फ्लाइट नंबर शोधा, त्यासमोर काउंटरची रांग लिहिलेली असते.

काउंटरवर बॅगेला टॅग लागताना त्यावरची तीन अक्षरं स्वतः वाचा. जेद्दाहसाठी जेईडी, मदिनासाठी एमईडी, दुबईसाठी डीएक्सबी असतात. मध्ये विमान बदलायचं असेल तर विचारा, 'सामान शेवटपर्यंत जाणार की मध्ये घ्यायचं?' आणि दोन्ही बोर्डिंग पास मागून घ्या. टॅगचे तुकडे पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा. बॅग हरवली तर तोच पुरावा असतो.

इमिग्रेशनला भारतीय नागरिकांना आता कुठलाही फॉर्म भरावा लागत नाही. जातानाचं कार्ड १ जुलै २०१७ पासून बंद आहे. तेव्हा 'फॉर्म भरून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. अधिकारी विचारतो ते साधं असतं: कुठे चाललात, कशासाठी, किती दिवस, कुणाकडे. उत्तर छोटं आणि खरं द्या. कुटुंबाने शक्यतो एकत्र जावं. चेहरा झाकणाऱ्या बहिणींना फोटोशी जुळवण्यासाठी इथे चेहरा दाखवावा लागतो. महिला अधिकारी हवी असेल तर नम्रपणे विनंती करा, थोडं थांबावं लागेल एवढंच.

नोकरीमुळे वर्षातून दोन-तीनदा ये-जा करणाऱ्यांनी 'फास्ट ट्रॅक इमिग्रेशन' साठी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवावं. जानेवारी २०२५ पासून ही सोय मुंबईतही आहे. एकदा बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद झाली की स्वयंचलित गेटमधून जाता येतं, लांब रांग टळते. डिजियात्रा मात्र देशांतर्गत प्रवासासाठी आहे, दोन्हींत गोंधळ करू नका.

सिक्युरिटीला वेळ जातो तो खिसे रिकामे करण्यात. रांगेत असतानाच घड्याळ, नाणी, पट्टा, किल्ल्या, मोबाईल सगळं हातातल्या बॅगेच्या एका कप्प्यात टाका. लॅपटॉप आणि पॉवर बँक ट्रेमध्ये वेगळी ठेवायला सांगितली तर ठेवा. बायकांची तपासणी महिला जवान पडद्याआडच्या जागेत करतात. स्कार्फच्या पिना आणि बांगड्यांमुळे यंत्र वाजतं, तेव्हा पिना कमी लावा. स्कार्फ काढून दाखवायला सांगितलं तर ते पडद्याआड व्हावं, अशी विनंती शांतपणे करता येते. आवाज चढवल्याने काम लवकर होत नाही.

बुजुर्गांसाठी

टर्मिनल २ मध्ये काउंटरपासून गेटपर्यंत बरंच चालावं लागतं. 'मला नको व्हीलचेअर, मी चालते' म्हणणारी अम्मी अर्ध्या वाटेत बसते, हे आम्ही किती वेळा पाहिलं असेल. तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी, विमान कंपनीकडे व्हीलचेअर नोंदवा. जिना चढता येतो का, सीटपर्यंत चालता येतं का, हेही सांगा, कारण त्यानुसार मदत वेगवेगळी असते. परतीच्या विमानासाठीही आत्ताच नोंदवून टाका.

एकट्या जाणाऱ्यांच्या गळ्यात एक छोटी पिशवी द्या. त्यात पासपोर्ट, बोर्डिंग पास, आणि एका कागदावर मोठ्या अक्षरांत नाव, फ्लाइट नंबर, इथला आणि तिथला फोन नंबर लिहून ठेवा. ती पिशवी वुजू करताना, वॉशरूममध्ये, ट्रेमध्ये ठेवल्यावर विसरते. ट्रेमधून उचलताना 'पिशवी, मोबाईल, चष्मा' असं मोजायची सवय लावा.

इहराम, मीकात आणि नमाज

थेट जेद्दाहला उतरून मक्केला जाणाऱ्यांनी इहरामच्या चादरी हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. चेक-इनमध्ये टाकल्या तर त्या मीकातच्या आधी हाती लागत नाहीत. सगळ्यात बरं म्हणजे गुसल करून इहराम घरूनच बांधून निघावं आणि नियत मीकातच्या आधी करावी. विमानात मीकात जवळ आल्याची घोषणा करतात, ती उतरण्याच्या बऱ्याच आधी होते, तेव्हा झोपून राहू नका. मध्ये दुबई, मस्कत, दोहासारख्या ठिकाणी विमान बदलणार असाल तर तिथेही इहराम बांधता येतो, फक्त हातात पुरेसा वेळ हवा. आधी मदिनाला जाणाऱ्यांना मुंबईतून इहराम बांधण्याची गरज नाही.

इहरामच्या कमरपट्ट्याला धातूचं बक्कल असतं, सिक्युरिटीला तो काढावा लागतो. हवाई चप्पल सोयीची पडते. केस कापायची छोटी कात्री चेक-इन बॅगेत ठेवा.

नमाजसाठी जागा कुठे आहे ते आत गेल्यावर मदत कक्षात विचारा. गेटजवळ पढायची असेल तर वाट सोडून, भिंतीकडेला, सामान सोबत्याकडे देऊन पढा. बेवारस बॅग दिसली की जवान लगेच धावतात. कस्र कुठून सुरू होते, दोन नमाजा जमा करता येतात का, हे निघण्याआधी आपल्या मौलानांना विचारून घ्या. कोकणातली बहुतेक घरं शाफई, देशावरची बहुतेक हनफी. मसले सारखे नाहीत, आणि ग्रुपमध्ये दोन्हीकडची माणसं असतात. गेटवर वाद घालण्यापेक्षा आधीच ठरलेलं बरं.

परतीचा प्रवास: जमजम आणि सोनं

जमजमचं पाणी बॅगेत बाटल्या भरून आणू नका. सौदीच्या विमानतळांवर चेक-इन बॅगेत जमजम चालत नाही, बॅग उघडून बाटल्या काढून ठेवतात. अधिकृत विक्री केंद्रावर मिळणारा ५ लिटरचा सीलबंद डबाच घ्या, आणि आपली विमान कंपनी तो माणशी किती नेऊ देते हे आधी विचारा. जेद्दाहला दोरीने बांधलेल्या, कापडात गुंडाळलेल्या, गोल गाठोड्यासारख्या बॅगाही नाकारतात. ब्लँकेट आणि खजूर भरायला सरळ बाजूंची मजबूत बॅग घ्या.

सोन्याबद्दल गैरसमज फार आहेत. वर्षभराहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्या भारतीयाला दागिने ड्युटीशिवाय आणता येतात, बाईला ४० ग्रॅमपर्यंत आणि पुरुषाला २० ग्रॅमपर्यंत. ही सवलत फक्त दागिन्यांना आहे, बिस्किटांना आणि नाण्यांना नाही. पंधरा दिवसांच्या उमराहवरून येणाऱ्यांना ती लागू नाही. इथून जाताना अंगावर बरेच दागिने असतील तर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परतताना ते आपलेच आहेत हे दाखवता येतं. ड्युटी लागण्यासारखं काही असेल तर रेड चॅनलने जाऊन सांगा. ग्रीनमधून गेलात आणि सापडलात तर माल जप्त होतो, दंड होतो. दुसऱ्याचं सोनं अंगावर घालून आणायची 'मदत' तर पार्सलइतकीच धोक्याची आहे.

अडचण आलीच तर

बॅग पट्ट्यावर आली नाही तर हॉलमधून बाहेर पडू नका. तिथेच विमान कंपनीच्या काउंटरवर तक्रार नोंदवून नंबर घ्या, बाहेर पडल्यावर ती नोंदवणं फार अवघड होतं. म्हणून हातातल्या बॅगेत एक जोड कपडे आणि औषधं हवीतच.

पासपोर्ट परदेशात हरवला तर आधी स्थानिक पोलिसांत आणि मग भारतीय दूतावासात किंवा कौन्सुलेटमध्ये जा. पासपोर्टची झेरॉक्स बॅगेत आणि फोटो घरच्यांच्या मोबाईलवर असेल तर काम बरंच सोपं होतं.

निघण्याच्या आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांनी बसून पाच गोष्टी मोठ्याने म्हणाव्यात: तारीख बरोबर आहे, टर्मिनल बरोबर आहे, पासपोर्ट माझ्याजवळ आहे, बॅगेत दुसऱ्याचं काही नाही, गोळ्या हातात आहेत. या पाचांना 'हो' आलं की दोन रकात नफिल पढून निश्चिंत झोपा.

अल्लाह सगळ्या मुसाफिरांचा सफर आसान करो आणि त्यांना खैरियतने घरी पोहोचवो. आमीन.